लक्षद्वीप जहाज: केबिन कुठली घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन कोचीहून जहाजाने कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय करायचं ठरतंय. दिवसा बेटं, रात्री मुक्काम जहाजावरच, म्हणून केबिनचा घोळ. दोन बर्थच्या फर्स्ट क्लासच्या दोन केबिन घ्याव्यात की चार बर्थची सेकंड क्लास पुरेल? आईला रेवस-भाऊचा धक्का लाँचमध्येसुद्धा मळमळतं, त्यामुळे खालचा, मधला डेक बरा ना? बेटाजवळ जहाजातून छोट्या बोटीत उतरावं लागतं म्हणे. तिचे गुडघे दुखतात, कितपत जमेल?

आणि कोचीत आधी-नंतर एकेक रात्र काढायची आहे. जहाज विलिंग्डन बेटावरून सुटतं. बाबांना मासेमारीची चिनी जाळी बघायला फोर्ट कोचीच हवं, मला एर्नाकुलम सोयीचं वाटतं. जाऊन आलेल्यांनी सांगा, प्लीज.