शालूला भेज

रविवार

मी: काल कपाट उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. लग्नातल्या शालूच्या घडीवर पांढरट बुरशी! वडोदऱ्याच्या या घरात येऊन दोनच महिने झालेत. मालकांना फोन केला तर म्हणतात, "बेन, चोमासामां तो भेज लागे ज." म्हणे पावसाळ्यात ओल लागतेच!

नंदाआत्या: शालू कडक उन्हात टाकू नकोस हं, रंग उडेल. सावलीत वाऱ्यावर टाक. वाळला की मऊ ब्रशने झटक, तेही गच्चीवर, नाहीतर बुरशी घरभर. आणि संध्याकाळी लोबान घाल.

आई: कपाटात कडुलिंबाचा पाला. वाटीत खडेमीठ.

मी: आई, कालपासून तेच चाललंय. आता लोबान घातलेल्या बुरशीचा वास येतो.

भाऊकाका: वास मारत बसू नका. पाणी कुठून येतंय ते शोध. भिंतीचे फोटो टाक.

मी: टाकले. बेडरूमची बाहेरची भिंत आहे. खाली गुडघ्यापर्यंत रंगाला फोड, वर कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके.

भाऊकाका: एक फोड नखाने काढ. आत पांढरी पूड आहे ने?

मी: आहे. मिठासारखी.

भाऊकाका: लोणा लागलाय. भिंतीतलं पाणी सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. वरचे ठिपके मात्र मला वेगळे वाटतात. पोळ्या गुंडाळायचं फॉइल घे. एक तुकडा खाली, एक वर, चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद. दोन दिवस हात लावू नको. फॉइलच्या आतून, भिंतीकडे, पाणी धरलं तर ओल भिंतीतली. खोलीच्या बाजूने धरलं तर ती हवेतली, गार भिंतीवर जमते.

नंदाआत्या: एवढं कशाला? ब्लीचमध्ये थोडं संडासचं ॲसिड घालून घासलं की चकाचक.

भाऊकाका: नंदा, अजिबात नाही! त्यातून क्लोरीन वायू सुटतो, छातीत जातो. आणि नुसत्या ब्लीचने पोपड्यावरचा डाग पांढरा होतो, आतली बुरशी तिथेच.

आई: बाळाचा खोकला?

मी: आहे अजून. आजपासून पुढच्या खोलीत झोपतोय आम्ही.

मंगळवार

मी: काका, खालचं फॉइल आतून ओलं. वरचं बाहेरून!

भाऊकाका: म्हणजे दोन दुखणी. वरचं तुमचं स्वतःचं. कपडे कुठे वाळवता?

मी: पावसामुळे बेडरूममध्ये, दोरीवर. 🙈

भाऊकाका: मग बादलीभर कपड्यांचं पाणी जाणार कुठे? दोरी गॅलरीत ने, कपाट भिंतीपासून चार बोटं सरकव, वारा फिरू दे. ठिपके साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचे, तोंडाला मास्क. कोरडं खरवडायचं नाही.

मी: आणि खालचं? शेजारच्या बांनी आत्ता सांगितलं, २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी इथे कमरेपर्यंत होतं. मालकांनी भिंती नीट वाळू न देता प्लास्टिक पेंट मारला. आम्हाला कोणी बोललं नाही.

भाऊकाका: झालं! ओल आत कोंडली. शिवाय तळमजला, जमिनीतूनही पाणी वर चढत असणार. दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्यात चुन्याचा गिलावा होता, भिजायचा तसा सुकायचाही.

दादा (इंदूर): मिनू, फोनवर बोलू नकोस, फोटोसकट लिहून पाठव. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ : जी दुरुस्ती मालकाची आहे ती कळवूनही त्याने वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण आधी ११ महिन्यांच्या करारात दुरुस्ती कोणावर टाकलीय ते वाच.

आई: भांडू नका रे, डिपॉझिट त्यांच्याकडे आहे.

शनिवार

मी: मालक येऊन गेले. फॉइलला बोट लावून बघितलं, गप्प झाले. सोमवारी कारागीर लावतायत, मीटरभर उंचीपर्यंत जुनं प्लास्टर काढणार.

नंदाआत्या: तोवर माझ्याकडे मांजलपूरला या.

भाऊकाका: प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवायला सांग. पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको.

मी: ते म्हणतायत नवरात्रीआधी रंगवून देतो.

भाऊकाका: कुठल्या वर्षीच्या?