मदत हवी आहे: दुकानासाठी छोटं पिस्तूल
नमस्कार मंडळी. ह्यूस्टनजवळ आमचं गॅस स्टेशन आहे. रात्री 11 वाजता मी एकटीच गल्ला मोजून कुलूप लावते. ग्रीन कार्ड आहे. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून पिस्तूल जवळ बाळगायला परवाना नसला तरी चालतं, पण मी रीतसर शिकून परवाना काढणारच.

नेमबाजीच्या रेंजवर सिग पी365 हे पिस्तूल आवडलं, मॅगझिनमध्ये 10 गोळ्या मावतात. पण स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढताना माझ्या संधिवाताच्या अंगठ्यातून कळ येते. स्मिथ अँड वेसनची 5 गोळ्यांची 642 रिव्हॉल्व्हर भरायला सोपी, मात्र ट्रिगर जड आणि हलकी असल्याने झटका जोरात बसतो. ताई-वहिनींनो, तुम्ही काय वापरता?

होल्स्टर (कमरेला लावायचं पिस्तुलाचं कव्हर) उघड लावू की कुर्त्याखाली? उघड्यावरचं कुणी हिसकावेल याची मला फार धास्ती वाटते. घरात 9 वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे चांगली तिजोरीही सुचवा.