अनुभव धागा : लहान मुलांना पैशाचा व्यवहार कसा शिकवलात?

पहिली ते चौथीच्या मुलांना मागणी, पुरवठा, नफा, तोटा हे शब्द फळ्यावर लिहून काही कळत नाही. बाजारात नेलं की तीच मुलं चटाचटा बोलतात. नाशिककरांच्या तर दाराशीच बाजार आहे. तुम्ही घरी, शाळेत, शेतात काय करून बघितलंत? फसलेलंही लिहा.

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, निफाड तालुका
आमच्याकडे दरवर्षी बाल आनंद बाजार भरतो. तिसरीतल्या एकाने मेथीच्या वीस जुड्या आणल्या. दहा रुपयांनी सहा गेल्या. मग शेजारच्या मुलीने तिची मेथी आठला लावली, उन्हाने पाला मान टाकू लागला आणि उरलेल्या चौदा त्याने पाचने काढल्या. “सर, 130 रुपये नफा!” मी विचारलं, बियाण्याचे किती? खुडायला कोण होतं? “आई.” तिची मजुरी? पोरगं गप्प झालं. दुसऱ्या दिवशी वहीत खर्च मांडून घेऊन आलं, त्यात आईचा अर्धा रोज धरलेला. आधी मी सगळ्यात जास्त गल्ला करणाऱ्याला बक्षीस द्यायचो. ते चुकत होतं. आता खर्च नीट लिहिणाऱ्याला देतो.

आजोबा, नाशिकरोड
माझी नोकरी प्रेसमधली. 1928 पासून इथे नोटा छापतात, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न ठरलेला : जास्त छापून सगळ्यांना का वाटत नाहीत? सुट्टीत चौघं जमली होती. प्रत्येकाला पाच कागदी नोटा दिल्या आणि तीन चिक्क्यांचा लिलाव मांडला. तीन, चार, पाच नोटांना गेल्या. दुसऱ्या दिवशी नोटा दहा-दहा, चिक्क्या तेवढ्याच. भाव सात, आठ, नऊ! धाकटी म्हणाली, “आजोबा, नोटा वाढल्या, पण चिक्क्या कुठे वाढल्या?” महागाई याहून सोपी करून मला सांगता आली नसती.

आई, पंचवटी
गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात दुसरीतल्या लेकीला पन्नास रुपये दिले. पहिल्याच पाटीवर तिने बांगड्यांत सगळे घातले, पुढे पेरू दिसले. रडली. माझा हात पर्समध्ये गेला होता, कसाबसा मागे घेतला. पुढच्या बुधवारी ती आधी अख्खा बाजार हिंडली.

बाबा, गंगापूर रोड
आमच्याकडे सगळं मोबाईलवर, म्हणून मुलाला पैसे संपतात हेच माहीत नव्हतं. एक महिना किराणा, दूध, भाजी रोखीत केली. पंचवीस तारखेला डबा रिकामा झाल्यावर त्याने स्वतःहून आइस्क्रीम नको म्हटलं.

शेतकरी आई, लासलगावजवळ
ऑगस्ट 2023. कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, लिलाव बंद पडले. पहिलीतला मुलगा विचारायचा, आपला ट्रॅक्टर का नाही गेला? त्याला सांगितलं, बाहेरदेशी न्यायचा तर शंभरामागे चाळीस वर द्यावे लागतात, मग तिथला माणूस घेताना विचार करतो, आणि तो कांदा इथंच पडून राहतो. “मग ठेवू कांदाचाळीत.” उन्हाळ कांदा आहे, टिकतो, पण थांबण्याचीही किंमत असते. ती दाखवायला त्याला चाळीत नेलं. सडके कांदे बाजूला काढून आम्ही पाटीभर वजन केलं. तेव्हापासून दर रविवारी तो सडके निवडतो आणि चाळीच्या खांबावर खडूने आकडा लिहितो.