लेबल बघायचं की शेतकरी?

फोंड्याची सून:
काल इथे एकाने सेंद्रिय मालाबद्दल लिहिलं, 'पाकिटावर नॅचरल असेल तर डोळे मिटून घ्या.' वाचून राहवलं नाही. नॅचरल, केमिकल-फ्री, फार्म फ्रेश असं छापलं म्हणजे माल सेंद्रिय होत नाही. हिरवा ठिपका तर फक्त शाकाहारी असल्याचा. 2017 च्या नियमांप्रमाणे सेंद्रिय म्हणून विकायचं तर एनपीओपीचं (बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेलं) किंवा पीजीएसचं (शेतकऱ्यांच्या गटाने आपसात तपासून दिलेलं) प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचं, चिन्ह शोधा. 'पीजीएस-ग्रीन' असेल तर जमीन अजून रूपांतरात आहे, सेंद्रिय झालेली नाही. पणजीत एका दुकानाने मला दुप्पट भावात मूग दिले. प्रमाणपत्र विचारलं तर म्हणे, "पाकिटावर हिरवं पान छापलंय ना मॅडम!"

काणकोणकर:
ताई, माझी आई डोंगरउतारावर खोल्याची (खोला गावची) मिरची लावते. पावसाचं पाणी, शेणखत, बाकी काही नाही. तिच्याकडे कागद नाही म्हणून ती खोटी? वर्षाला 12 लाखांखाली उलाढाल असलेल्या आणि थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. नियम सांगता तर पुरता सांगा.

म्हापशेकर:
आईचं ठीक. आमच्या शुक्रवारच्या बाजारात बेळगावच्या ट्रकमधून उतरलेली वांगी टोपलीत गेली की 'गावठी' होतात. मी पहाटे उतरताना बघितली आहेत. विश्वास ठेवायचा कुणावर?

दिवाडीचा:
लेबलांवर भांडताय, तिकडे खाजनं, खाडीकाठची बांध घातलेली शेतं, बुडताहेत! कोरगूट भात खाऱ्या जमिनीत तगतो, आमच्याकडे कधी खताची गोणी गेली नाही. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला, खारं पाणी आत आलं, शेत पडीक. प्रमाणपत्र कशाला लावू, चिखलाला?

म्हापशेकर:
बांध कुळांनीच सांभाळायचा ना? संघटनेच्या बैठकीला किती जण येतात? मानशीचा, म्हणजे बांधाच्या दारापाशी मासळी धरण्याच्या हक्काचा, लिलाव मात्र चुकत नाही. मासळीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतात, हे सगळ्या गावांना ठाऊक आहे.

दिवाडीचा:
तोंड सांभाळून बोला. चिखलात उतरून बांध घातलाय कधी? आमच्या वडिलांनी डोक्यावरून माती वाहिली. आज मजूर मिळत नाही, पोरं बोटीवर गेली. पैसा मासळीचा, नुकसान भातवाल्याचं, हे मीच बैठकीत ओरडून सांगतो.

काणकोणकर:
मुद्दाम पाणी घेणारे आहेत, हे तरी कबूल केलंत.

दिवाडीचा:
आहेत. सगळे नाहीत.

फोंड्याची सून:
बांधांवर वेगळा धागा काढा, मी येईन. काणकोणकर, सूट आहे, मान्य. पण ती थेट विकणाऱ्याला, आणि 'जैविक भारत'चं चिन्ह त्यालाही लावता येत नाही. तुमच्या आईकडून मी कागद न मागता मिरची घेईन. तीच मिरची दुकानदाराने घेऊन 'सेंद्रिय' म्हणून पाकिटात घातली, तर प्रमाणपत्र मागणारच. पीजीएसमध्ये गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, बाहेरच्या संस्थेची मोठी फी पडत नाही. आईंना सांगून तर बघा.

काणकोणकर:
सांगतो. फॉर्म मात्र मलाच भरावा लागणार.