इंटरव्ह्यूत तुम्ही काय माती खाल्लीत?

भाचा सकाळपासून शर्टाला इस्त्री करतोय, आज पहिला इंटरव्ह्यू. मला माझा 2006 चा आठवला. नवाकोरा शर्ट, कॉलरखालची प्लास्टिकची पट्टी काढायचीच राहिली. समोरच्या मॅडम सारख्या गळ्याकडे बघतायत, मला वाटलं टाय वाकडा झाला, मी आपला आवळतोय. वर पगार किती हवा विचारलं तर "तुम्ही द्याल तो". दिला की त्यांनी! तीन वर्षं तोच. टाका तुमचेही अनुभव, त्याला वाचायला देतो.

कोरा_चहा: पट्टी 😂😂 आमच्या ह्यांनी तशीच ठेवून साखरपुडा केलाय, फोटो आहेत

डोंबिवली_फास्ट: रविवारचा वॉक-इन आणि मेगाब्लॉक डोक्यातच नाही, माटुंगा-मुलुंड ब्लॉक म्हणजे काय ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको, पन्नास मिनिटं लेट पोचले आणि वर मीच रेल्वेला शिव्या घालत बसले, तर ते म्हणाले मग इथे रोज कशा येणार? झालं.

कोरा_चहा: @डोंबिवली आता कुठे आहात मग?

डोंबिवली_फास्ट: ठाण्याला. पाच स्टेशनांच्या पुढचं काही बघितलंच नाही नंतर

पाटणकर_नाही_पाटणचा: एमपीएससीची मुलाखत. छंदात ट्रेकिंग लिहिलेलं, विचारलं कळसूबाई किती मीटर. 1646, पाठ होतं. पुढचा प्रश्न, वर शेवटच्या टप्प्याला काय आहे? लोखंडी शिड्या. मी कधी गेलोच नव्हतो. "छान वारं असतं सर" म्हणालो.

नाव_नको: चार महिन्यांची एक नोकरी रेझ्युमेतून उडवली होती. पीएफला तर लागलेली ना, व्हेरिफिकेशनला यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) निघाली आणि हातातली ऑफर गेली. इकडे राजीनामा देऊन 90 दिवसांच्या नोटीसचे साठ झालेले. सांगितलं असतं तर कुणी विचारलंही नसतं हो.

कोरा_चहा: अरेरे. मग पुढे?

नाव_नको: जुन्या साहेबांच्या पाया पडलो. ठेवून घेतलं

दुपारचा_डबा: मी टेबलाच्या पलीकडे बसते. ऑनलाइनला पोरं दुसऱ्या स्क्रीनवरून वाचून उत्तरं देतात, परवा एकाच्या चष्म्यात ती खिडकी वरवर सरकताना दिसत होती. बाकी रात्री लिहिते, कुकर झालाय

कोरा_चहा: धागाकर्ते, भाच्याने वाचलं का?

कुठला वाचतोय, गेला केव्हाच. इस्त्री चालूच ठेवून गेलाय.