सागाच्या फळ्या जोडायला क्लॅम्प कोणते घेऊ आणि किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आजोळचं घर उतरवलं तेव्हा तक्तपोशीच्या सागाच्या फळ्या मी पुण्याला घेऊन आलो. त्यांचं जेवणाचं टेबल करायचंय, ५ फूट बाय अडीच फूट. वरच्या पाटाला ७ फळ्या लागतील, प्रत्येकी साडेचार इंच रुंद, इंचभर जाड. हे लाकूड पुन्हा मिळणार नाही, म्हणून आधी विचारून घेतोय.

फळ्या आवळून धरायला माझ्याकडे ४ इंची ४ जी-क्लॅम्प (G आकाराचे, स्क्रूने आवळायचे) आणि २४ इंची २ एफ-क्लॅम्प (लांब पट्टीवर जबडा सरकतो ते) आहेत. सराव म्हणून ४ फळ्यांचा ३ फुटी बाक जोडून बघितला. दोन टोकांना खालून एकेक एफ-क्लॅम्प लावला, मधे दोरी बांधून दांडीने पीळ दिला. आवळायला लागलो तसा मधला भाग वर उचलला जायला लागला. फेविकॉल वाळेल या घाईत मी आणखी आवळत गेलो. सकाळी सोडलं, तर वरच्या अंगाला मधल्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड सहज आत जात होतं. क्लॅम्पची पट्टी ओल्या फेविकॉलला टेकली होती तिथे काळा डागही पडला. तो रंध्यानेही पुरता गेला नाही. फार जीव हळहळला.

बोहरी आळीत, म्हणजे पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारात चौकशी केली. एका दुकानदाराने डझनभर जी-क्लॅम्प घ्या म्हणून सांगितलं, पण पाट जोडायला त्यांचा उपयोग काय ते मला कळलं नाही. सॅश क्लॅम्प (रुंद पाट आवळायचा, लांब जड लोखंडी पट्टीचा) हातात घेऊन पाहिला. भक्कम आहे, पण ५ घेतले तर माझं ८,००० रुपयांचं बजेट संपेल. पाइप क्लॅम्पचे नुसते जबडे मिळतात, पाइप आपला घालायचा. ते परवडेल असं वाटतं. अर्धा इंच घेऊ की पाऊण? ५ फुटांत किती लावायचे? आणि हे काम झाल्यावर पुढे काय काय जमवत जावं?

प्रतिसाद १

दादा, पाऊण इंची घ्या, अर्धा इंची एवढ्या लांबीला वाकतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची ६ मीटरची लांबी येते, तिचे १.२ मीटरचे बरोबर ५ तुकडे होतात. प्लंबिंगच्या दुकानात एका टोकाला आटे पाडून घ्या. जबडे परदेशी मापाचे असले तरी पाऊण इंची पाइपला आपल्याकडच्या आणि परदेशी, दोन्ही मापांत इंचाला १४च आटे असतात, बहुधा चढतात. तरी एक जबडा बरोबर न्या आणि तिथेच चढवून बघा.

किती लावायचे याचा हिशोब असा: दाब स्क्रूच्या टोकापासून दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत पसरतो. कडेची फळी साडेचार इंच, म्हणजे पहिल्या सांध्यापर्यंत एक क्लॅम्प ९ इंच सांभाळतो. कडेला २ इंच रुंदीची सरळ पट्टी घातलीत तर १३ इंच. ५ फूट म्हणजे ६० इंच, तेव्हा ५ क्लॅम्प पुरतात. ३ खालून, २ वरून, एकाआड एक. तुमचे दोन्ही खालून होते, सगळा दाब खालच्या अंगाला गेला, म्हणून पाट कमानीसारखा उठला आणि वरून सांधा उघडला.

सातही फळ्या एका दमात जोडू नका. ३ आणि ४ असे दोन भाग करा, दुसऱ्या दिवशी शेवटचा एकच सांधा. तुमचे जी-क्लॅम्प सांध्यांच्या टोकांना लावा, फळ्या वरखाली सरकत नाहीत.

प्रतिसाद २

काळा डाग लोखंडाचा. पाइपला पॅकिंगची खाकी चिकटपट्टी गुंडाळा, डाग पडत नाही आणि फेविकॉलही चिकटत नाही. साग तेलकट असतो. जोडायची कड त्याच दिवशी रंधून घ्या, अॅसिटोनने पुसा, ते उडालं की लगेच जोडा. आणि आधी फेविकॉल न लावता सगळे क्लॅम्प आवळून बघा. सांधा कोरडा असताना हलक्या दाबाने मिटत नसेल तर चूक रंध्याची आहे, क्लॅम्पने ती झाकू नका.

प्रतिसाद ३

आमच्या वडिलांनी आयुष्यभर पाचरींवर काम केलं. जाड फळीवर दोन ठोकळे पक्के करायचे, मधे पाट ठेवायचा आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट ठोकायच्या. खुर्चीच्या पायांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पैसे हळूहळू लावा. पाइप क्लॅम्पनंतर १२ इंची एफ-क्लॅम्प दोन-दोन करून घेत जा, खण आणि चौकटींना तेच रोज हाताशी येतात. एकटा क्लॅम्प कधी घेऊ नका, जोडीनेच घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. मी क्लॅम्प कमी पडले एवढंच धरून बसलो होतो, दोन्ही एकाच बाजूला लावले हे लक्षातच आलं नव्हतं. आज बाकाच्या सांध्यावर पट्टी धरून पाहिली तर कडाही मधे केसभर पोकळ निघाल्या. आधी त्या नीट रंधतो, मग पाइप आणतो. एकच शंका राहिली: कडेच्या २ इंची पट्ट्या सागाच्याच हव्यात, की घरात बाभळीचे तुकडे आहेत ते चालतील?