मदत हवी आहे: पटकथेतला नायक ८ वर्षांचा असतो आणि शेवटी ४४ चा होतो. कसं लिहू?

नवा_कागद

पूर्ण लांबीची मराठी पटकथा लिहितोय, पहिला खर्डा संपत आलाय. नायक विनय, जन्म १९७८, पुण्याच्या कसबा पेठेतला वाडा. चार टप्पे: १९८६ (वय ८), १९९३ (१५), २००२ (२४), २०२२ (४४). वडील १९८६ मध्ये घर सोडून जातात, त्यांचा शोध हे मुख्य सूत्र. अडचणी तीन:

१. संवादावर नाव काय लिहायचं? छोटा विनय, तरुण विनय, की नुसतं विनय?
२. दर टप्प्याला 'सात वर्षांनंतर' अशी पाटी टाकावी लागतेय.
३. वाचणारे म्हणतात, चार शॉर्ट फिल्म एकापुढे एक लावल्यासारख्या वाटतात.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तिसरी_घंटा

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नट बदलला की नाव बदलायचं, नट तोच राहणार असेल तर नाव तेच. २४ आणि ४४ एकच नट करणार असेल तर तीनच नावं: विनय ८, विनय १५, विनय. 'छोटा' आणि 'तरुण' टाळा, कारण पंधराच्या विनयला काही पानांवर छोटा आणि काही पानांवर तरुण लिहिलं जातंच. मग 'फायनल ड्राफ्ट' या पटकथेच्या सॉफ्टवेअरमधून पात्रांचा रिपोर्ट काढला की एकाच मुलाची दोन माणसं होतात आणि ब्रेकडाउन (कुठल्या सीनला कोण, काय लागेल याची यादी) करणारा सहाय्यक डोकं धरून बसतो.

साल सीन हेडिंगमध्ये प्रत्येक वेळी लिहा: 'आत - वाडा, माजघर - सकाळ - १९८६'. हे युनिटसाठी, प्रेक्षकाला ते दिसत नाही.

आणि एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब बारा पॉइंटच्या कुरिअर फाँटवरचा आहे. देवनागरीत तो सरळ लागू पडत नाही. टप्प्यांची लांबी पानांवर मोजू नका, मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

खर्डा_नववा

दुसरी आणि तिसरी अडचण मुळात एकच आहे. पाटी लागते, कारण वय फक्त विनयच्या अंगावर लिहिलंय: मिसरूड, चष्मा, पांढरे केस. ते त्याच्याशी वागणाऱ्यांच्या तोंडी द्या. आपल्या भाषेत ही सोय आयतीच आहे. अनोळखी माणूस आठ वर्षांच्या पोराला 'बाळा' म्हणतो, पंधराव्या वर्षी 'ए, सरक पुढे', चोविसाव्या वर्षी 'अहो' सुरू होतं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजची पोरं थेट 'काका' म्हणतात. वाड्यातल्या काकू मात्र शेवटपर्यंत 'अरे विन्या'च म्हणणार. दोन्ही एकाच सीनमध्ये आली तर पाटीची गरज उरत नाही.

उदाहरणार्थ ८ ते १५ ही उडी. पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या तेव्हाच्या शहर बससेवेची बस, आई आणि विनय. कंडक्टर विचारतो, "याचं हाफ?" आई मान हलवते. विनय तिकिटाच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज करतो, ओठ हलतात. कट. तशीच बस, तसंच तिकीट हातात, ओठ हलतायत. कॅमेरा वर जातो तर विनय १५, एकटा. कंडक्टरने काही न विचारता फुल फाडलंय. एवढं बास. बेरजेची सवय म्हणूनच निवडावी, कारण ती कुठल्याही नटाला जमते. गालावरची खळी किंवा तीळ ठरवलात तर कास्टिंगला छळ आणि मेकअपला कंटिन्युइटीचा (सगळ्या शॉट्समध्ये सारखं दिसण्याचा) ताप.

आता चार शॉर्ट फिल्मचं. प्रत्येक टप्प्यात विनयला नवीन काहीतरी हवं असेल तर गोष्ट दरवेळी शून्यापासून सुरू होते. हवं असलेलं एकच ठेवा, हातातली साधनं बदला. आठ वर्षांचा फक्त विचारू शकतो, आणि मोठी माणसं विषय बदलतात. पंधराचा घरी खोटं बोलून एसटीने एकटा जाऊ शकतो. चोविसाव्या वर्षी पगार आहे, आणि शोधायचंच नाही असं दाखवण्याइतका माजही. प्रत्येक सीनला एक चाचणी लावा: हा सीन दुसऱ्या वयाच्या विनयला जसाच्या तसा देता येतो का? येत असेल तर तो चुकलाय. आणि टप्पा उत्तरावर संपवू नका. प्रश्न लटकता ठेवून उडी मारा, म्हणजे मधली वर्षं प्रेक्षक स्वतः भरतो.

संवादांकडेही बघा. १९९३ चा पोरगा 'लोड नको घेऊ' म्हणणार नाही.

कॉलशीट

लिहितानाच शूटचा विचार करा, नंतर महागात पडतं.

१४ वर्षांखालच्या कलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. म्हणून विनय ८ असलेल्या प्रत्येक सीनमध्ये तो खरंच लागतोय का ते बघा. दाराआडून ऐकतोय असा सीन असेल तर बराचसा वेळ मोठ्यांवर शूट करता येतो.

मुलाचं काम एका सलग शेड्यूलमध्ये, बहुतेक मे महिन्याच्या सुट्टीत. १५ च्या भूमिकेसाठी कोवळा दिसणारा अठरा-एकोणीसचा मुलगा घेतला तर तासांची आणि उंचीचीही काळजी मिटते. खरा चौदा-पंधराचा घेतला आणि पॅचवर्क (राहिलेले तुकडे नंतर शूट करणं) सहा महिने लांबलं तर पँट आखूड झालेली असते. डबिंग लांबवलं तर त्याहून वाईट: आवाज फुटतो, आणि स्वतःच्याच तोंडाला तो आवाज बसत नाही. शक्यतो सिंक साउंड, म्हणजे शूटवरच आवाज रेकॉर्ड, नाहीतर शूट संपताच डबिंग.

आणखी एक तक्ता करा: उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत चार सालं, चौकटीत वय. आई १९८६ मध्ये ३२ असेल तर २०२२ मध्ये ६८. विनयचे पाच मित्र चारही टप्प्यांत ठेवलेत तर तीन नटांच्या हिशोबाने पंधरा कास्टिंग होतात. एक मित्र टिकवा, बाकीचे आपापल्या टप्प्यात सोडून द्या.

नवा_कागद

तक्ता केला, चार मित्र उडाले. बसचा सीन घेतोय, पण १९८६ ची बस रस्त्यावर दाखवायची म्हणजे बाहेर फ्लेक्स आणि मेट्रोचे खांब येणार. आणि शेवटच्या टप्प्यात ती बेरीज कुठे बसवू?

कॉलशीट

पावसाळी संध्याकाळ लिहा. काचा बंद, त्यावर वाफ, बाहेर नुसते दिवे. बस उभीच ठेवायची, दोन माणसं बाहेरून हलवतात. मे महिन्यात पाऊस म्हणजे टँकर आला, पण एका बाजूच्या खिडक्यांवर पाणी सोडायला फार लागत नाही.

खर्डा_नववा

पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, म्हणजे तुमच्या सालात बसते. मोबाईलवर तिकीट म्हणून क्यूआरचा चौकोन. विनय बघतो, ओठ हलायला लागतात आणि थांबतात. बेरीज करायला आकडेच नाहीत. संवाद लिहू नका तिथे.

तिसरी_घंटा

२००२ च्या बसवर 'पीएमपीएमएल' लिहू नका, बससेवेचं ते नाव २००७ चं. आणि १९८६ मध्ये वडिलांच्या स्कूटरला एमएच १२ नंबर देऊ नका, ती पद्धत १९८९ पासूनची आहे. नंबरप्लेट क्लोजअपमध्ये नको, मडगार्डवरचा चिखल घ्या.